सोळा दातांचं नवं, एकवीस दातांचं जुनं: ईसीओ बंद का होत नाहीत

प्रश्न थोडक्यात असा. तालुक्याच्या एमआयडीसीत ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्रांचा कारखाना आहे, माणसं पस्तीसेक. ड्रॉईंग बदलायचं असलं की ईसीओ, म्हणजे बदलाचा आदेश, रीतसर निघतो. पण निघालेला आदेश बंद होत नाही. रजिस्टरात ६२ आदेश उघडे पडलेत, काही तर दोन वर्षांपूर्वीचे. आयएसओ या गुणवत्ता मानकाच्या ऑडिटरनं त्यावर नॉनकन्फर्मिटी, म्हणजे त्रुटीची नोंद, लिहून ठेवली. आता सॉफ्टवेअर घ्यावं, कोणाला या कामावर नेमावं, की एकदाच बसून सगळ्यांवर सह्या मारून मोकळं व्हावं?

सह्या मारून मोकळं होणं तेवढं करू नका. बाकीच्या दोन गोष्टींवर पुढं बोलतो.

मी बारा वर्षं चाकणच्या बाजूला गाड्यांच्या सुट्या भागांत काढली आणि गेली चौदा वर्षं इकडे वऱ्हाडात शेती अवजारांत आहे. दोन्हीकडे एकच पाहिलं. नवा भाग सगळ्यांना दिसतो. डिझाईनवाल्याला त्याचं कौतुक, खरेदीवाल्याला त्याचा भाव, मालकाला त्यातला फायदा. जुना भाग मात्र कोणाचाच नसतो. तो स्टोअरच्या खालच्या रॅकवर पडलेला असतो, भाग बनवून देणाऱ्या वेंडरच्या शेडमध्ये पोत्याखाली असतो, डीलरच्या दुकानात खिळ्याला टांगलेला असतो, नाहीतर कोणाच्या तरी वावरात यंत्रासोबत फिरत असतो. नव्या ड्रॉईंगवर सही झाली की आपण म्हणतो ईसीओ झाला. माझ्या मते त्या दिवशी तो सुरू होतो. शेवटच्या जुन्या तुकड्याचं काय झालं हे सांगता येईल, त्या दिवशी तो बंद.

हे मी शहाणपणानं शिकलो नाही, फटका खाऊन शिकलो.

आमच्या सात फणी पेरणीयंत्रात जमिनीवर फिरणाऱ्या चाकाच्या शाफ्टवर १४ दातांचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, होतं आणि बियाण्याच्या पेटीखालच्या शाफ्टवर २१ दातांचं. चाकाचे तीन फेरे झाले की पेटीतल्या शाफ्टचे दोन. लहान स्प्रॉकेटवर चेन उड्या मारायची, दात लवकर झिजायचे. म्हणून १४ च्या जागी १६ आणि २१ च्या जागी २४ करायचं ठरलं. प्रमाण तेच राहतं, दोनास तीन. म्हणजे बियाणं तेवढंच पडणार आणि पेटीवर चिकटवलेला एकरी बियाण्याचा तक्ताही बदलायला नको. कागदावर या ईसीओला नाव ठेवायला जागा नव्हती. जुन्या मालाच्या रकान्यात मी स्वतःच्या हातानं लिहिलं, ‘आहे तो साठा आधी वापरावा.’

१४ दातांचा साठा आठ दिवसांत संपला. २१ दातांचे नग मात्र भरपूर शिल्लक होते, कारण मागं कधीतरी भावाच्या मोहात दुप्पट लॉट उचलला होता. स्टोअरवाल्यानं माझा शब्द तंतोतंत पाळला. १४ संपले तेव्हा नवे १६ दिले, आणि २१ आहेत तोवर २१ च देत राहिला. जोडणीवाल्यांना काही खटकलं नाही. चेन नव्या लांबीची होती, आणि दीड कडीची ढिलाई चेन ताणून धरणाऱ्या टेन्शनरनं गिळून टाकली. चेन बसलीच नसती तर त्याच दिवशी बोंब झाली असती आणि आम्ही वाचलो असतो. असे २३ नग तयार झाले.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, मृग बरसल्यावर, वाशीमकडच्या एका गावातून फोन आला. “साहेब, तीस किलोची थैली एका एकराले पुरत असते. तुमची मशीन बी पेरते का खाते जी? पस्तीस गुंठ्यातच पेटी खाली झाली.” आम्ही नेहमीप्रमाणे आधी त्यांनाच दोष दिला. लिव्हर चुकीच्या खाचेत असेल, बियाणं बारीक असेल. त्यांनी पुन्हा फोन केला तेव्हा मी तराजू घेऊन गेलो.

धुऱ्यावर यंत्र जॅकवर उचललं, नळ्यांखाली ताडपत्री अंथरली आणि चाकाचे २० फेरे हातानं फिरवले. आमच्या यंत्राचा एक फेरा म्हणजे सुमारे १.२७ मीटर आणि पेरणीची रुंदी ३.१५ मीटर. वीस फेऱ्यांत साधारण ८० चौरस मीटर होतात, म्हणजे एकराचा पन्नासावा भाग. एकरी तीस किलो हवं तर ताडपत्रीवर ६०० ग्रॅमच्या आसपास पडायला हवं. पडलं ६८०. मग खडूनं पहिल्या दातावर खूण केली आणि दात मोजत गेलो. खाली १६. वर २१. सोळा भागिले एकवीस हे दोन तृतीयांशापेक्षा सातवा हिस्सा जास्त भरतं, आणि त्या हिशेबानं तीस किलोची थैली बरोबर पस्तीस गुंठ्यांतच संपते. तो शेतकरी आमच्यापेक्षा अचूक मोजत होता.

बियाण्याचे पैसे आम्ही दिले. दाट पेरलेलं सोयाबीन नुसतं उंच वाढून लोळतं, त्याची भरपाई काय देणार?

या प्रकरणात नवा भाग चुकला नव्हता, ड्रॉईंगही चुकलं नव्हतं. चुकलं होतं ते ‘साठा आधी वापरावा’ हे चार अक्षरांचं वाक्य. ते दोन वेगळ्या साठ्यांना वेगवेगळं लागू झालं. लिहायला हवं होतं असं: १४ आणि २१ जोडीनंच वापरा; जोडी मोडली की उरलेले २१ दातांचे नग लाल रंग मारून वेगळे ठेवा; अमुक सीरियल नंबरपासून पुढं फक्त १६ आणि २४.

तेव्हापासून आमच्या ईसीओच्या कागदावर वरचा अर्धा भाग नव्यासाठी आणि खालचा अर्धा जुन्यासाठी असतो. खालच्या अर्ध्यात जुना भाग कुठं कुठं आहे ते नगांसकट लिहायचं: स्टोअर, लाईनवरच्या पेट्या, वेंडरकडचा तयार आणि अर्धवट माल, यार्डातली न विकलेली यंत्रं, डीलरकडचे स्पेअर, विकलेली यंत्रं. प्रत्येकासमोर निकाल एकच शब्दात: वापरा, दुरुस्त करा, परत करा, भंगार. आणि त्यासमोर माणसाचं नाव. ‘स्टोअर विभाग’ असं लिहून चालत नाही. विभागाला कोणी उठवून विचारू शकत नाही.

भंगाराबद्दल एक जोड. भंगार म्हणजे तोडलेलं भंगार. गॅस कटरनं दोन तुकडे करा, मग द्या. आमचे बाद केलेले ब्रॅकेट एकदा भंगारवाल्याकडून जवळच्याच वर्कशॉपमध्ये गेले आणि तिथून आमच्याच यंत्रात ‘ओरिजिनल स्पेअर’ म्हणून बसून आले.

पहिल्या सहीइतकीच शेवटची सही कोणाची हेही महत्त्वाचं आहे. बहुतेक ठिकाणी ईसीओ डिझाईनचा प्रमुख उघडतो आणि तोच बंद करतो. आमच्याकडे बंद करण्याची सही स्टोअरकीपरची असते. ते साठीच्या पुढचे गृहस्थ आहेत, सगळे त्यांना काकाजी म्हणतात. सुरुवातीला मालकांना हे विचित्र वाटलं, इंजिनिअरच्या वर स्टोअरवाला कसा? पण जुना तुकडा शेवटी कोणाच्या डोळ्यांसमोर असतो? काकाजी रॅकवर हात फिरवून आल्याशिवाय सही करत नाहीत. दोनदा त्यांनी माझे आदेश परत पाठवलेत आणि दोन्ही वेळा तेच बरोबर होते.

आता भागाच्या नंबरचा विषय, कारण अर्धे घोळ तिथं होतात. नवा भाग जुन्याच्या जागी आणि जुना नव्याच्या जागी, दोन्हीकडून चालत असेल तर नंबर तोच ठेवा, फक्त रिव्हिजनचं, म्हणजे ड्रॉईंगच्या आवृत्तीचं, अक्षर वाढवा. नसेल चालत, तर नवा नंबर द्या. खालच्या हिचची, म्हणजे ट्रॅक्टरला यंत्र जोडायच्या जागेची, पिन पहिल्या कॅटेगरीची २२ मिलिमीटरची होती ती दुसऱ्या कॅटेगरीची २८ केली, तर नवा नंबर हे कोणीही सांगेल. गोची होते ती एकाच बाजूनं चालणाऱ्या बदलात. ४.६ ग्रेडचा बोल्ट त्याहून पक्क्या ८.८ ग्रेडचा केला. नवा जुन्याच्या जागी चालतो, पण जुना नव्याच्या जागी बसवला तर वावरात तुटेल. इथंही नवा नंबरच हवा, नाहीतर डीलरच्या डब्यात दोन्ही एकत्र होतात. आणि शिअर बोल्टच्या जागी तर ८.८ चुकूनही जाता कामा नये. तो मुद्दाम कच्चा ठेवलेला असतो. दगडाला फण अडकला की त्यानं तुटावं म्हणून. बोल्ट पक्का केला की फणाची दांडी वाकते.

नंबर न बदलण्याची किंमत किती मोठी असू शकते याचं जगजाहीर उदाहरण आहे. जनरल मोटर्सनं २०१४ साली इग्निशन स्विचच्या दोषापायी सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या. तो स्विच २००६ सालीच आतून बदलला गेला होता, पण भागाचा नंबर जुनाच ठेवला. त्यामुळे आधीच्या आणि नंतरच्या गाड्या वेगळ्या का वागतात, हे तपास करणाऱ्यांना वर्षानुवर्षं उमगलं नाही. कंपनीच्या भरपाई निधीनं १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. आपलं पेरणीयंत्र म्हणजे मोटारगाडी नव्हे, पण थ्रेशरचं पीटीओ गार्ड (ट्रॅक्टरकडून ताकद आणणाऱ्या फिरत्या शाफ्टवरचं झाकण) किंवा रोटाव्हेटरचं कव्हर बदलताना हे आठवत जा.

खेड्यापाड्यातल्या वेंडरकडं ड्रॉईंग बदलणं हा वेगळाच खेळ आहे. आमचा एक लेथवाला पाच वर्षांपूर्वीची प्रिंट भिंतीवर डकवून त्यावरून काम करायचा. तेलानं इतकी काळी झालेली, की मापं त्याला पाठ होती म्हणूनच काम चालायचं. नवी प्रिंट दिली ती त्यानं कपाटात ठेवली, ‘खराब होईल म्हणून’. आता नियम असा, की जुनी प्रिंट हातात आल्याशिवाय नवी द्यायची नाही. व्हॉट्सअ‍ॅपनं तर वाट लावली आहे. फोनमधली जुनी प्रिंट कोणी परत मागू शकत नाही. म्हणून फोटो पाठवायचाच असेल तर त्यावर आडवं मोठ्या अक्षरात ‘फक्त माहितीसाठी’ आणि तारीख टाकून पाठवतो, आणि नव्या रिव्हिजनच्या पहिल्या लॉटला ड्रॉईंगशी मोजल्याशिवाय गेट पास नाही.

वेल्डिंगच्या बाबतीत ध्यानात घ्या, की खरं ड्रॉईंग म्हणजे जिग, तुकडे जागेवर धरून ठेवणारा साचा. कागद बदलला आणि जिगचे स्टॉपर तिथंच राहिले तर फ्रेम जुनीच निघणार, कितीही सह्या करा. ईसीओच्या कागदावर जिग, फिक्स्चर, गेज, स्टिकर आणि वापरपुस्तिका यांची नावं छापूनच ठेवा. स्टिकर सगळ्यात जास्त विसरला जातो. आणि ज्या मॉडेलचा अनुदानासाठी चाचणी अहवाल घेतलेला आहे, त्या अहवालात नोंदलेलं माप बदलत असेल तर चाचणी संस्थेला लेखी विचारल्याशिवाय पहिलं यंत्रही बनवू नका. अनुदानाची फाईल अडकली की शेतकरी, डीलर आणि तुम्ही, तिघंही लटकता.

आपल्या धंद्याला हंगाम आहे, हे पुस्तकी पद्धतीत कुठं येत नाही. फेब्रुवारीपासून मेपर्यंत आपण माल बनवतो आणि मृगाच्या तोंडावर विकतो. आमच्याकडं अक्षय तृतीयेनंतर बदल बंद. अपवाद फक्त दोन: माणसाला इजा होण्याची शक्यता, किंवा त्या बदलाशिवाय लाईन थांबणार असेल तर. बाकी सगळ्या सूचना वहीत जमा होतात आणि पोळा झाल्यावर उघडतो. तोवर पेरणीच्या तक्रारीही आलेल्या असतात, त्यामुळे अर्ध्या सूचना आपोआप गळून जातात आणि दोन-चार नव्या, खऱ्या सापडतात. हंगामात एखादी पट्टी ६ ऐवजी ५ मिलिमीटरचीच मिळाली, तर त्यासाठी ईसीओ काढू नका. ती तात्पुरती सवलत. किती नगांसाठी आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे लिहून द्या आणि संपवा. तुमच्या ६२ मध्ये अशा सवलती ईसीओचं नाव लावून बसलेल्या असणार, माझी पैज.

त्या ६२ चं काय करायचं ते आता. बैठकीच्या खोलीत बसून नाही, रजिस्टर घेऊन शेडमध्ये उतरा. काही आदेश असे निघतील ज्यांचं काम कधीच झालंय, फक्त सही राहिली आहे. त्यांच्यासाठी तयार यंत्रांतली तीन यंत्रं उघडून पाहा, नवा भाग आहे याची नोंद करा, रॅक तपासा, आजच्या तारखेनं बंद करा. मागची तारीख टाकू नका. ऑडिटरला उशीर चालतो, खोटी तारीख चालत नाही. काही आदेश असे असतील ज्यांना कोणी हातच लावला नाही आणि आता गरजही उरलेली नाही. ते कारण लिहून रद्द करा. रद्द करणं म्हणजे पराभव नव्हे, तोही निकालच आहे. आमच्याकडं पहिल्या सफाईत तिसरा हिस्सा असाच गेला.

खरा धोका अर्धवट झालेल्यांचा. नवा भाग काही यंत्रांत गेलाय, जुना काहींत, आणि कोणत्या यंत्रापासून काय हे कोणालाच ठाऊक नाही. आमचं १६-२१ याच जातीचं. अशा प्रत्येकासाठी आधी आजपासून मिसळ थांबवा: जुने नग लाईनवरून उचला, कुलपात टाका. मग मागं जा. गेटच्या रजिस्टरातून सीरियल नंबर काढा, वेंडरच्या चलनावरून नवा लॉट कधी आला ते पाहा. दोन्ही तारखांमधली यंत्रं म्हणजे तुमचा संशयित गट. यार्डातली उघडून बघा, विकलेल्यांसाठी डीलरला फोन लावा. एका आदेशाला दोन-तीन दिवस लागतील. आठवड्याला दोन घ्या, पण सोयीचे आधी नको. ज्यानं माणसाला किंवा पिकाला फटका बसू शकतो ते आधी.

ऑडिटरला उत्तर देताना एक ध्यानात ठेवा. आयएसओ ९००१:२०१५ मध्ये डिझाईनमधल्या बदलांसाठी ८.३.६ आणि उत्पादनातल्या बदलांसाठी ८.५.६ हे कलम आहे. बदल तपासला का, मंजुरी कोणी दिली, त्यावर पुढं काय केलं, याची नोंद हवी एवढंच ती मागतात. तीस दिवसांत बंद करा असं त्यात कुठंही नाही. तसं तुमच्याच कार्यपद्धतीत कोणीतरी लिहून ठेवलेलं असणार, बहुधा दुसऱ्या कंपनीच्या फाईलवरून उतरवून. ऑडिटर तुम्हाला तुमच्याच शब्दात पकडतो. ती मुदत काढून टाका आणि त्या जागी ‘दर पंधरा दिवसांनी उघड्या आदेशांचा आढावा’ असं जमेल ते लिहा. मग तो आढावा खरोखर घ्या. आम्ही शनिवारी चहाच्या वेळी घेतो, उभ्यानं, वीस मिनिटं. अध्यक्षाची खुर्ची असली की ही बैठक लांबते.

सॉफ्टवेअर? पस्तीस माणसांत नको. एक्सेलची एक शीट आणि एक छापील रजिस्टर पुरे. त्याआधी मात्र एक कंटाळवाणं काम करा: कोणता भाग कोणत्या मॉडेलमध्ये वापरला जातो, याची यादी. सात फणीतलं ब्रॅकेट बदललं आणि तेच नऊ फणीतही आहे हे महिन्यानं कळलं, तर जगातलं कोणतंही सॉफ्टवेअर वाचवणार नाही, कारण ही यादी त्यातही तुम्हालाच भरायची असते. आमची यादी करायला एका डिप्लोमावाल्या मुलीला एक उन्हाळा लागला. आज ती मुलगीच हा सगळा कारभार पाहते. तिला वेगळं पद दिलेलं नाही, दिवसातला एक तास दिलाय आणि कोणाही विभागात शिरून विचारायची मोकळीक. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हेच समजा.

त्या २३ यंत्रांचं शेवटी काय झालं? नऊ यार्डातच होती, त्याच आठवड्यात दुरुस्त झाली. विकलेल्या चौदापैकी बारा डीलरच्या वह्यांतून सापडली आणि आमचा माणूस मोटरसायकलवर स्प्रॉकेट घेऊन गावोगाव फिरला. दोन रोखीनं विकली गेली होती, नाव-गाव नाही. त्यांच्यासाठी २४ दातांचे दोन नग काकाजींनी सीरियल नंबरची चिठ्ठी बांधून वरच्या रॅकवर ठेवलेत. रजिस्टरात तो ईसीओ अजून उघडा आहे, कारणासकट, आणि मे महिना लागला की ती मुलगी त्या डीलरला फोन करते: त्या नंबरचं कोणी दुरुस्तीला आलं का?